बंडूमामा ठणठणीत आहे

श्टुटगार्ट
कोजागरी झाली, दिवाळी तोंडावर

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आधी सगळ्यांना फोन करून सांगा की बंडूमामा ठणठणीत आहे. "बंडूला उठता येत नाही, डॉक्टरकडे नेलंय" असं ईशा म्हणाली ते आमच्या चार पायांच्या बंडूबद्दल. आई, तू कानातलं यंत्र डबीत ठेवून फोन घेतेस आणि मग नमूमावशी शहाळी घेऊन सांगलीच्या एसटीत बसते. मामाने मला दंड फुगवलेला फोटो पाठवलाय, खाली एक अक्षर नाही. कुत्र्याला त्याचं नाव दिल्याचा राग अजून गेलेला नव्हताच. नाव दादाने ठेवलं होतं हे त्याला पुन्हा एकदा सांगा. आणि बाबा, सकाळी सहाला तुम्हाला काळजी वाटते तेव्हा इथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे नेतात, मग दीड वाजलेला असेल. काळजी जरा नाश्ता करून करा.

पार्सल मिळालं. भाजणी, मेतकूट, गोधडी, सगळं सुखरूप. पुढच्या वेळी कंदी पेढे मोज्यात गुंडाळून पाठवायचा बाबांचा बेत मात्र रद्द. दुधाचा कुठलाही पदार्थ युरोपबाहेरून टपालाने आणायला बंदी आहे. मोजा उघडून बघणाऱ्या माणसाला मी जर्मनमध्ये काय सांगू?

(थालीपीठ उलटून आले. घरोघरी धुराची घंटा लावणं सक्तीचं आहे आणि तिला भाजणीचा खमंग वास आणि आग यातला फरक कळत नाही.)

तर बंडू. तेरा वर्षं पूर्ण झाली. उठताना आधी पुढचे पाय टाकतो, मागचा भाग जमिनीवरच राहतो. मग तो मान वळवून मागे असा बघतो, जसं काही ते कुणा दुसऱ्याचं आहे. कुणी पाहतंय असं लक्षात आलं की मुद्दाम जांभई देतो, म्हणजे मी उठतच नव्हतो, आळस देत होतो. बाबा, झोपाळ्यावरून उठताना तुम्ही "काही नाही, जरा पाय आखडला" म्हणता त्याची आठवण झाली. राग मानू नका. तुम्हा दोघांचं दुखणं एकच आहे, गुडघे.

आता दर ऐका, बसून ऐका. इथे जनावरांच्या डॉक्टरांची फी सरकार ठरवतं. २०२२ च्या नोव्हेंबरपासून नवे दर लागू झालेत. कुत्र्याला नुसतं हात लावून तपासायचे २३ युरो ६२ सेंट, आणि हा कमीत कमी दर. काम अवघड वाटलं तर डॉक्टर तिप्पट लावू शकतात, रात्री-अपरात्री नेलं तर चौपट. युरोला शंभर रुपये धरा. एक्स-रे, रक्त, गोळ्या धरून बिल अडीचशेच्या घरात गेलं आणि निदान काय, तर "वय झालंय". आपल्या गल्लीतला पोरगाही हे फुकट सांगेल. बाबा म्हणाले, एवढ्यात दोन शेळ्या येतात. येतात, पण त्यांचेही गुडघे दुखतीलच ना कधीतरी?

पुढे ऐका. डॉक्टरबाईंनी त्याला पाण्यातल्या पट्ट्यावर चालायला सांगितलंय. काचेची पेटी, तीत कोमट पाणी आणि खाली सरकता पट्टा. पाण्यात वजन हलकं होतं, म्हणून सांध्यांवर भार कमी येतो. बंडू त्यात असं तोंड करून चालतो की वाटावं, नगराध्यक्षांना पुरात पाहणीला नेलंय. चाळीस युरो, वीस मिनिटांना.

आणि कर! कुत्रा पाळला की पालिकेला दरवर्षी कर भरायचा, त्याचा बिल्ला मिळतो. मांजरांना माफ. मी विचारून पाहिलं की म्हाताऱ्या कुत्र्याला काही सवलत? खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याला काय सांगणार की आमच्याकडे पंचाहत्तरी उलटली की एसटी फुकट असते! बाबा, काम नसताना कोरेगावला जाऊन चहा पिऊन परत येता हे वहिनीने कळवलंय. खुशाल जा. फक्त चार भिंतीची टेकडी चढून जायचं बंद करा, तिथे एसटी जात नाही.

इकडे पानगळ सुरू झालीय आणि झाडूचा आठवडा नेमका आमच्यावर आलाय. हे प्रकरण तुम्हाला फोनवर नीट कळलं नव्हतं. या भागात भाडेकरूंनी आळीपाळीने आठवडाभर जिना, तळघर आणि घरापुढचा रस्ता झाडायचा असतो. १४९२ सालापासूनची रीत आहे म्हणे. कोलंबस तिकडे अमेरिका शोधत होता आणि इथले लोक जिना झाडत होते. १९८८ साली पालिकेने सक्ती काढून टाकली, पण घरमालकांच्या करारांत ती अजून ठाण मांडून आहे. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते. पाटी दिसली की मला शाळेतली वर्गसफाई आठवते.

एरवी चालतं हो. ऑक्टोबरात मात्र दारापुढचं लिंडनचं झाड आमचीच वाट पाहत असतं. सकाळी झाडावं तर दुपारी पुन्हा पिवळा सडा. ओल्या पानांवरून कुणी घसरलं तर जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून तशीच ठेवूनही चालत नाही. पानं उडवायचं यंत्र आणू म्हटलं तर त्यालाही वेळा: सकाळी नऊ ते एक आणि दुपारी तीन ते पाच, रविवारी अजिबात नाही. दुपारी एक ते तीन यंत्रालाही वामकुक्षी! बाबांना हा देश आवडेल.

तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून देखरेख करतात. आजींचं वय पंच्याऐंशी, हातात काठी, नजर घारीची. मी ढीग करते, बंडू त्यात लोळतो, आजी काच ठोकतात. मला वाटलं रागावल्या. त्या बंडूसाठी सॉसेजचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांचा मुलगा हाम्बुर्गला असतो. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो, त्यामुळे त्या वेळी त्या दार उघडत नाहीत. परवा म्हणाल्या, कोपऱ्यात थोडी पानं राहू दे, साळिंदरासारखा तो छोटा काटेरी प्राणी असतो ना, तो थंडीभर त्यात झोपतो. स्वतःच्या दारापुढे मात्र एक पान चालत नाही त्यांना.

सर्वपित्रीचं बाबांनी विचारलं होतं. केलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळू मिळालं नाही. बाल्कनीत पान ठेवलं. कावळे आहेत इथे, पण कुणी फिरकलं नाही. आत पाणी आणायला गेले तेवढ्यात बंडूने पान चाटूनपुसून लख्ख केलं. एरवी त्याला उंबरठा चढवत नाही, त्या दिवशी चढवला. कुत्र्याचा घास वाढतातच की श्राद्धात. आणि आजोबा स्वतःच्या ताटातली पोळी चोरून कुणाला घालायचे हे आपल्याला ठाऊक आहेच. मी कुणाला रागावले नाही. जरा वेळ बाल्कनीतच उभी राहिले.

गोधडी ईशाला पाठवली होतीस ना? ती बंडूने घेतली. गोल गोल फिरून शेवटी आजीच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यावरच टेकतो, बहुतेक तेच सगळ्यात मऊ असावं. डांबरगोळीचा वास अजून आहे त्याला. रात्री त्याला गोळी द्यायला खाली बसते आणि मग उगाचच बसून राहते. तुमच्या गोळ्या तुम्ही घेतल्यात का, हे मला फोनवर विचारावं लागतं आणि तुम्ही हो म्हणता. बंडू निदान थुंकून तरी दाखवतो.

बाकी: मनीला दात राहिले नाहीत म्हणून आई तिला दूधभात कुस्करून देते आणि बाबांना भाकरी, ही तक्रार पोचली. आई, बाबांनाही कुस्कर. जोशीकाकांच्या प्रसादने नोकरी सोडून कासच्या रस्त्यावर मॅगीची टपरी टाकली हे फार छान झालं. फुलांच्या दिवसांत शनिवारी यवतेश्वरच्या घाटात पुणेकरांच्या गाड्या हलत नाहीत, तो आयटीपेक्षा जास्त कमवेल. काकांना तोंड पाडून बसू नका म्हणावं. वहिनीच्या भिशीत झालेल्या भांडणात मी कुणाच्याच बाजूने नाही, पण नमूमावशीचं चुकलं. तिला हे सांगू नका.

ईशा शाळेत कागदी कंदील करतेय, नोव्हेंबरात सगळी पोरं ते घेऊन गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. तिने त्याला शेपट्या लावल्या. बाई म्हणाल्या, कंदिलाला शेपट्या नसतात. ती म्हणाली, आमच्या आजोबांच्या असतात. तेव्हा बाबा, यंदाच्या आकाशकंदिलाचा फोटो पाठवा, तिला पुरावा हवाय. मात्र तो टांगायला स्टुलावर दादाला चढवा. गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढून घ्या. तुमच्याकडे तो बंडूच्या बिलाच्या पासंगालाही पुरणार नाही. रिपोर्ट मला पाठवा, आईला नको, ती तो बंडूमामाचा समजेल.

तुमची,
माधुरी

ता. क. मेतकूट संपत आलंय. पेढे नकोत म्हटलं, मेतकूट नको असं म्हटलेलं नाही.