हरकत नसल्याची हरकत

गणेशोत्सवातल्या गायन स्पर्धेचं गुणपत्रक वर्षानुवर्षं झेरॉक्सवरून झेरॉक्स होत आलंय. सूर, ताल, शब्दोच्चार, भाव आणि तळाशी तिरका छापला गेलेला पाचवा रकाना: हरकती. प्रत्येकी १० गुण.

यंदा या रकान्यासमोर एक रॅपर आला. अकरावीतला पोरगा, पाठीवर सॅक.

परीक्षकांनी विचारलं, “पट्टी कुठली?”

“९० बीपीएम, सर.”

पेटीवाल्यांनी काळी एक दाबली, आणि पोरगा थांबेपर्यंत सोडली नाही.

नळाला पाणी न येण्यावर त्याने सोळा ओळी म्हटल्या. चार-चार ओळी एका दमात. शब्द समेच्या आधी टाकले, नंतर टाकले आणि शेवटचा नेमका समेवर आणून ठेवला. कागदावर उमटलं: सूर २, हरकती ०. शेरा: ‘आवाजात गोडवा नाही, रियाज करावा.’ थोडक्यात, गाण्यात हरकत नाही हीच परीक्षकांची हरकत. पुढच्या स्पर्धकाने मात्र ‘देवा’ या दोन अक्षरी शब्दात इतक्या हरकती कोंबल्या की देव बाहेर येईपर्यंत कराओकेचा ट्रॅक अंतऱ्यावर पोचला होता. भाव, ताल, शब्द सगळे चेंगरले, रकाना भरला. पैकीच्या पैकी! मग तिसऱ्यानेही त्या घेतल्या, चौथ्याने श्वास घ्यायच्या जागीही घेतल्या, आणि पाचव्याने तर निवेदिकेला नाव सांगतानाच एक घेतली.

हेच परीक्षक कथकच्या पढंतीला मान डोलावतात, तिहाई समेवर आली की “क्या बात है” म्हणतात. तिथे बोलांना सूर कुणी विचारत नाही. शाहीर पोवाड्यातली निम्मी गोष्ट बोलून सांगतो, त्याचे गुण कुणी कापत नाही. पोराने टोपी उलटी घातली की मात्र संगीत बुडतं!

कुजबुजल्यासारखं गाणाऱ्या मुलीचे गुण ‘आवाज पोचत नाही’ म्हणून गेले. अहो, ती गायकी माइकसाठीच आहे. गायकांना भोंग्यात तोंड घालून ओरडावं लागे ते विद्युत ध्वनिमुद्रण येण्याआधी, म्हणजे १९२५ च्या आधी. शंभर वर्षं उलटली तरी गुण भोंग्याच्या हिशेबानेच. आणि हा निकाल परीक्षकांनी सांगितला कसा? माइक ओठांना चिकटवून.

मंडळाने पुढच्या वर्षी रॅपसाठी वेगळा कागद काढावा: लय, यमक, दम, आशय. तेवढं जमत नसेल तर निदान तो तिरका रकाना खोडावा. व्हाइटनरचा खर्च या सदराकडून.