जुनी नौका विकणाऱ्या मालकांस अनावृत पत्र

प्रति,
दलालाविना जुनी मासेमारी नौका विकू इच्छिणारे समस्त नौकामालक,
कोकण किनारपट्टी.



नौकामालकांच्या विक्रीकौशल्याची यथोचित दखल आजवर घेतली गेली नाही, ही उणीव दूर करणे एवढाच प्रस्तुत पत्राचा हेतू आहे. लाकडी यांत्रिक नौकेच्या खासगी व्यवहारात खरेदीदार आणि विक्रेता असे दोनच पक्ष दिसत असले, तरी सर्वांत जास्त बोलतो तो तिसरा पक्ष, म्हणजे नाळेवरचा, अर्थात नौकेच्या पुढच्या टोकावरचा, ताजा ऑइलपेंट.

विक्रेत्याची मुहूर्ताची जाणही वाखाणण्याजोगी आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, म्हणजे पावसापासून झाकून ठेवल्या जातात, आणि त्या वेळी तळ डोळ्यांसमोर असल्याने सुताराला प्रत्येक फळी हातोडीने ठोकून पाहता येते. निरोगी लाकूड टणक वाजते, तर सागरी किड्याने आतून पोखरलेले लाकूड बद्द वाजते. म्हणूनच जाणता विक्रेता गिऱ्हाइकाला बोलावतो ते नौका खाडीत, भर भरतीला, दिमाखात डुलत असताना. इंजिन तो पाहुणा येण्याआधीच तासभर चालवून गरम ठेवतो, कारण थंड इंजिन सुरू करताना लागणारे कष्ट आणि निघणारा निळसर धूर, जो इंजिनात वंगणतेल जळत असल्याची खूण असतो, पाहुण्याच्या दृष्टीस पडणे आदरातिथ्यास शोभत नाही. तळात साचलेले पाणीही पहाटेच उपसलेले असते, आणि विचारलेच तर ते पावसाचे असते, मग महिना मार्चचा का असेना.

या कलेला कायद्याने काही अंशी आश्रय दिला आहे, हे मान्य करावे लागेल. वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार मालाची पारख करण्याची जबाबदारी सामान्यतः खरेदीदाराची असते, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार नुसते गप्प बसणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. मात्र तेच कलम माहीत असलेली गोष्ट कृतीने दडवण्याला फसवणूक म्हणते आणि तशा करारातून बाहेर पडण्याचा अधिकार खरेदीदाराला मिळतो. म्हणजे कुजक्या फळीबाबत विक्रेत्याने मौन पाळले तर तो मितभाषी, पण तिच्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग फिरवला तर तो वेगळ्याच सदरात जातो.

या कौशल्याचा कळस मात्र कागदपत्रांत दिसतो. मुद्रांकावर दोन सह्या घेऊन, रोख मोजून, नोंदणी व मासेमारी परवान्यावरील नाव बदलण्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागात जाण्याचे काम ‘सावकाश बघू’ म्हणून टाळले जाते, कारण तेथे मच्छीमार सोसायटीचे थकलेले कर्ज आणि ना-हरकत दाखला असे रसभंग करणारे विषय निघतात. परिणामी नौका नव्या मालकाकडे जाते आणि दप्तरात जुन्याकडेच राहते. डिझेलवरील विक्रीकराचा परतावा जुन्याच नावाने येतो, याचा आनंद काही काळ टिकतो. पुढे त्याच नौकेने बंदीच्या काळात जाळे टाकले की महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील नोटीसही त्याच पत्त्यावर, तितक्याच निष्ठेने येते.

सारांश, जो विक्रेता नौका ओढून तळ दाखवतो, इंजिन थंड असताना सुरू करतो आणि खरेदीदाराला घेऊन कार्यालयाची पायरी चढतो, त्याला चार पैसे कमी मिळतात आणि तो नौकेतून कायमचा मोकळा होतो. चतुर विक्रेत्याला चार पैसे जास्त मिळतात आणि नौकेची दप्तरी मालकीही त्याच्याकडेच राहते. एकाच व्यवहारात दाम आणि माल दोन्ही राखणाऱ्या या चातुर्यापुढे खरेदीदारांनी हात जोडावेत, हेच उचित होय.



नौका पाहून, चहा घेऊन परतलेले समस्त खरेदीदार