अप्पांचा वर्कलोड

आमच्या सोसायटीतले अप्पा खेळाडूची परीक्षा त्याच्या कपड्यांवरून घेतात. सामना संपला आणि शर्टाची इस्त्री मोडलेली नसली, तर तो माणूस खेळला नाही, मस्टरवर सही करून गेला. गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग दिसला तर पास. कोपर सोलवटलेलं असेल तर फर्स्ट क्लास. रवींद्र जडेजा या परीक्षेत कायम बोर्डात येतो. याउलट, सीमारेषेकडे चाललेल्या चेंडूमागे चार पावलं पळून थांबणारा क्षेत्ररक्षक दिसला, की अप्पा खुर्चीतून अर्धे उठतात आणि डोंबिवलीतून मेलबर्नला ऐकू जावं अशा आवाजात विचारतात, "पाय भाड्याने आणलेत का रे?"

चेंडू तसाही पोचणारच होता, हे त्यांना सांगून उपयोग नाही. "पोचणारच होता ना? मग त्याच्यामागे पळण्यातच माणूस कळतो."

जगात सामने दोन प्रकारचे असतात, महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे, हे अप्पांना मान्य नाही. मालिका तीन-शून्य झाल्यावरचा चौथा सामना, विश्वचषकाआधीचा सराव सामना, पावसाने आठ षटकांचा उरलेला सामना, सगळे सारखेच. खेळाडूने प्रत्येक वेळी छाती फुटेस्तोवर खेळावं, एवढी साधी अपेक्षा. "पैसे अर्धे घेतो का तो? मग जीव अर्धा का लावतो?"

त्यांचं दैवत कपिलदेव. १३१ कसोट्या, आणि दुखापतीमुळे एकही चुकलेली नाही. मध्ये एक चुकली, १९८४ साली कलकत्त्याची. पण तीही आधीच्या दिल्ली कसोटीत बेजबाबदार फटका मारला म्हणून वगळलं गेल्यामुळे. अप्पा हे अशा सुरात सांगतात, की शिक्षा झाली नसती तर कपिल अजूनही खेळत असता.

दुसरं दैवत सुनील गावसकर, आणि तिथे जरा पंचाईत आहे. ७ जून १९७५. लॉर्ड्स, पहिला विश्वचषक, पहिलाच सामना. इंग्लंडच्या ६० षटकांत ३३४ धावा, आणि त्याला उत्तर म्हणून गावसकर १७४ चेंडू खेळून नाबाद ३६. कोणी हा विषय काढला, की अप्पा चष्मा काढून पुसायला लागतात. फार ताणलं तर म्हणतात, "तो निषेध असणार." कशाचा, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. शिवाय त्या दिवशीची इस्त्री मोडली होती की नाही, हे त्या काळच्या फोटोंवरून कळत नाही.

आमच्याकडे तळमजल्यावर एक अण्णा राहतात. तरुणपणी लालबागकडच्या मैदानांत कबड्डी खेळलेले, डावा गुडघा तेव्हापासून वेगळ्या आवाजात बोलतो. ते एकदा अप्पांना रिकामी चढाई समजावून सांगत होते. निदानरेषा ओलांडायची, दम घुमवत इकडे तिकडे करायचं आणि कोणाला हात न लावता सुखरूप परत यायचं. गुण नाही, बादही नाही. "मग गेलाच कशाला?" अप्पांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "पुढच्या चढाईला छातीत दम पाहिजे ना. प्रत्येक चढाईला अंगावर उडी मारणारा दुसऱ्या डावाला बाकावर बसलेला असतो." प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. म्हणजे दोनदा जपून खेळायची सोय नियमातच करून ठेवली आहे. हे ऐकून अप्पांचा त्या खेळावरचा विश्वास उडाला. तेव्हापासून ते अण्णांकडे, घरभाडं थकवलेल्या भाडेकरूकडे बघावं तसं बघतात.

मग मी एकदा सर्गेई बुबकाचं उदाहरण काढलं. पोल व्हॉल्टमधला अचाट माणूस. खुल्या आणि बंदिस्त मैदानातले मिळून ३५ विश्वविक्रम, आणि त्यातले कितीतरी अवघ्या एकेका सेंटिमीटरने. विक्रमागणिक बक्षीस मिळायचं, तेव्हा सगळी उंची एका दिवशी खर्च करण्यात काय अर्थ! मला वाटलं, आता अप्पा भडकणार. ते थोडा वेळ गप्प बसले आणि डोळे चमकवून म्हणाले, "प्रपोजलं एप्रिलला ठेवत होता म्हण की!"

अप्पा एका विमा कंपनीत विकास अधिकारी होते. मार्चमध्ये कोटा पूर्ण झाला, की हातात आलेली जादा प्रपोजलं ते टेबलाच्या खणात टाकून एक एप्रिलची वाट बघायचे. एकदम फार धंदा दाखवला तर वरचे लोक पुढच्या वर्षीचा कोटा त्यावरून वाढवतात. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी दर वर्षी कोट्याच्या वर टिचभरच उडी मारली. ही हकीकत त्यांनी मला पूर्ण अभिमानाने सांगितली आणि लगेच टीव्हीकडे वळून एका यष्टिरक्षकाला कामचुकार म्हटलं.

पण एक मान्य केलं पाहिजे, स्वतः प्रेक्षक म्हणून अप्पांनी कधी रिकामी चढाई केली नाही. ते सामना बसून बघत नाहीत. गोलंदाज धावू लागला की हे उठतात, चेंडू पडला की खांदा उडवतात, धाव निघाली तर सोफ्याच्या या टोकावरून त्या टोकाला जातात. काकूंनी मधलं टीपॉय कधीच बाल्कनीत हलवलं आहे.

२०२३च्या विश्वचषकात त्यांचा कस लागला. भारताने साखळीतले नऊच्या नऊ सामने जिंकले, आणि अप्पांनी ते सगळे जिंकून दिले. नेदरलँड्सविरुद्धचा शेवटचा सामना १२ नोव्हेंबरला, नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. उपांत्य फेरी आधीच पक्की झालेली. भारताच्या ४१० धावा झाल्यावर रोहितने कोहलीला गोलंदाजी दिली, गिलला दिली, सूर्यकुमारला दिली, शेवटी स्वतःही केली. एकूण नऊ गोलंदाज. कोहलीला विकेट मिळाली, रोहितला मिळाली, सगळं बंगळुरू हसत होतं. आमच्याकडे पूजेची पणती हातात धरून अप्पा ओरडत होते, "हसताय काय! विश्वचषक आहे हा! बुमराला आणा!" काकूंनी लक्ष्मीला नमस्कार केला तो बहुधा लक्ष्मीची क्षमा मागण्यासाठी.

तीन दिवसांनी वानखेडेवर उपांत्य सामना. कोहलीचं पन्नासावं एकदिवसीय शतक, शमीचे ५७ धावांत सात बळी. शमीच्या सातव्या बळीला अप्पांच्या घशातून जो आवाज निघाला, तो त्या स्पर्धेतला त्यांचा शेवटचा. १९ तारखेला अहमदाबादला अंतिम सामना सुरू झाला तेव्हा ते गळ्याला मफलर गुंडाळून, हळद घातलेल्या दुधाचा पेला धरून बसले होते. उठायला गेले तर कंबर धरत होती. ट्रॅव्हिस हेड १३७ धावा करत होता आणि अप्पा फक्त बोट दाखवू शकत होते.

त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया पहिले दोन सामने हरली होती. एक चेन्नईला आपल्याशीच, दुसरा लखनौला दक्षिण आफ्रिकेशी. आणि दहाच्या दहा जिंकून आलेले आपण अकरावा हरलो. त्यावरून नियम काढता येत नाही, हरायला खेळपट्टीपासून नाणेफेकीपर्यंत कारणं असतात. पण त्या रात्री सोसायटीच्या बाकावर अण्णा एवढंच म्हणाले, "तिसरी चढाई." अप्पांना उत्तर द्यायचं होतं. आवाज नव्हता.

पुढे डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि क्रिकेट कमी करा म्हणून सांगितलं. अप्पा काही मानले नाहीत. २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते पहाटे पाचला उठून बुमराला कामाला लावत होते. बुमराने त्या पाच कसोट्यांत ३२ बळी घेतले, दीडशेच्या वर षटकं टाकली, आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठ धरून बाहेर बसला. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार अंगातून वर जातो, आणि बुमराच्या पाठीवर २०२३ साली शस्त्रक्रिया झालेली. अप्पांचंही त्याच आठवड्यात बाथरूममधून येताना भिंत धरणं सुरू झालं. काकूंनी दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या.

म्हणून २०२५च्या इंग्लंड दौऱ्याआधी, बुमरा पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार असं जाहीर झालं, तेव्हा काकूंनी पेपर अप्पांसमोर धरला. "अहो, त्याला जमतं, तुम्हालाही जमेल. पाचातल्या तीन. कुठल्या ते तुम्ही ठरवा."

"वर्कलोड!" अप्पा हा शब्द नासलेल्या दुधासारखा उच्चारतात. पण काकूंपुढे अपील नसतं. पहिली कसोटी सोडवेना, म्हणून हेडिंग्ली घेतली. लॉर्ड्स तर घ्यायचीच. तिसरी ओल्ड ट्रॅफर्ड, कारण त्या आठवड्यात काकू बहिणीकडे सांगलीला जाणार होत्या. बुमराही नेमक्या याच तीन खेळला.

हेडिंग्लीला आपल्या पाच शतकांनंतरही इंग्लंडने ३७१ धावांचा पाठलाग करून सामना नेला. अप्पांनी एजबॅस्टनला विश्रांती घेतली. गिलने २६९ आणि १६१ काढल्या, आणि जिथे आपण कधीच जिंकलो नव्हतो तिथे ३३६ धावांनी जिंकलो. लॉर्ड्सला अप्पा ताजेतवाने परतले. २२ धावांनी हरलो, सिराजने बॅटने अडवलेला चेंडू लोळत जाऊन बेल पाडून गेला. ओल्ड ट्रॅफर्डला मात्र ते कृतकृत्य झाले. शेवटच्या दिवशी सामना अनिर्णित होणार हे स्पष्ट दिसत असताना स्टोक्सने हस्तांदोलनाला हात पुढे केला आणि जडेजा-सुंदरने तो घेतला नाही. शतकं पुरी करेपर्यंत दोघं खेळत राहिले. "याला म्हणतात खेळ!" मग रागावलेल्या इंग्लंडने हॅरी ब्रूककडून टपोरे चेंडू टाकवले, तेव्हा अप्पा देशभेद विसरले. "अरे ब्रूक, गॅदरिंगला आलायस का? जीव लाव!"

ओव्हलच्या वेळी सोसायटीने विषय हातात घेतला. अप्पा बघतात तेव्हा बुमरा असूनही आपण जिंकत नाही, बघत नाहीत तेव्हा नसूनही जिंकतो, हा हिशोब पोरांनी केला होता. चौथ्या दिवशी सिराजने ब्रूकचा झेल घेतला आणि पाय दोरीवर टेकवला. तेव्हा १९वर असलेला ब्रूक पुढे १११पर्यंत गेला. दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा धावत वर आला, "अप्पा, खरं सांगा, बघताय का?" अप्पा बघत नव्हते. बेडरूममध्ये दार लावून कानात बोळे घालून पडले होते, असं काकूंनी साक्षीला सांगितलं.

सोमवारी दुपारी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या. सिराज, जो पाचही कसोट्या खेळला, ज्याने मालिकेत १८५ षटकं टाकली होती, तो शेवटचा यॉर्कर ताशी १४३ किलोमीटरने टाकून सहा धावांनी सामना घेऊन गेला. हात झोळीत बांधलेला ख्रिस वोक्स दुसऱ्या टोकाला उभा. नंतर गावसकरांनीही वर्कलोड हा शब्द भारतीय क्रिकेटमधून काढून टाका म्हटलं. अप्पांच्या सगळ्या आयुष्याचं समर्थन करणारी ती दुपार, आणि अप्पांनी तिचा एकही चेंडू बघितला नाही.

संध्याकाळी मी पेढे घेऊन गेलो. ते आधी उदास वाटले, मग सावरले. "सिराजचं ठीक आहे," म्हणाले, "पण मी विश्रांती घेतली म्हणून जिंकलो, हे कुठल्याही पेपरात येणार नाही."

आशिया चषकाच्या वेळापत्रकावर त्यांनी स्वतःच लाल पेनाने खुणा केल्या. अमिरातीविरुद्धचा सामना अंग मोकळं करायला ठेवला. तो संघ ५७ धावांत आटोपला, आपण साडेचार षटकांत जिंकलो, आणि अप्पांची पाठ नीट शेकूनही झाली नव्हती. ओमानविरुद्ध पूर्ण विश्रांती, असं कागदावर ठरलं होतं. त्या रात्री दहाच्या सुमारास त्यांच्या बंद बेडरूममधून मोबाइलचा निळा उजेड दिसत होता. आठ विकेट पडल्या तरी सूर्यकुमार स्वतः फलंदाजीला आलाच नाही, बाकीच्यांना खेळवत राहिला. चार मजल्यांना ऐकू आलं.

"कप्तान! बाहेर ये! ओमान झाला म्हणून काय झालं!"

"अहो," बाहेरून काकूंचा आवाज आला, "तुम्ही आत विश्रांती घेताय ना?"