न लागलेल्या छंदाची निगा : नवशिक्यांसाठी

ज्यांना खरोखर छंद असतो त्यांची सोय सगळे करतात. त्यांच्यासाठी पुस्तकं निघतात, वर्ग चालतात, उन्हाळी शिबिरं भरतात. ज्यांना छंद नुसता असावासा वाटतो, त्यांच्याकडे मात्र कोणाचं लक्ष नाही. घरटी असा एक तरी माणूस निघेल. त्याला पेटी शिकायची असते, पक्षी बघायचे असतात, मोडी वाचायची असते; फक्त 'एकदा हे सगळं मार्गी लागू दे'. या मंडळींना आजवर कोणी शास्त्रशुद्ध मार्गदर्शन केलेलं नाही, म्हणून हा प्रपंच.

हे काम आळशांचं नाही, एवढं आधी लक्षात घ्यावं. आळशी माणसाला कोणी "मग, कुठवर आलं?" असं विचारत नाही. आपल्याला ते विचारलं गेलं पाहिजे, आणि त्यावर दहा मिनिटांचं उत्तर आपल्याकडे तयार पाहिजे. न लागलेला छंद वीस-पंचवीस वर्षं टवटवीत ठेवायचा तर वाचन लागतं, खरेदी लागते, चिकाटी लागते. लागलेला छंद त्या मानानं सोपा. तो नुसता करायचा असतो.

निवड

कॅरम, पत्ते, बुद्धिबळ यांच्या वाटेला जाऊ नये. शेजारचे काका संध्याकाळी पट काखेत मारून येतात, आणि तासाभरात छंद लागलेला असतो. बागकामही वरवर सोयीचं वाटतं, पण मिरचीचं बी कुंडीत नुसतं फेकलं तरी उगवतं. मग पाणी घालणं आलं. पोहणं नको, कारण त्याला सामान लागत नाही आणि सामान नसेल तर पुढची सगळी प्रकरणं वाया जातात.

छंद असा घ्यावा की ज्याचं नाव घेताच समोरच्यानं "वा!" म्हणावं आणि जो करायला भलत्या वेळी उठावं, जावं किंवा जागावं लागेल. मोडी लिपी, आकाशदर्शन, पक्षिनिरीक्षण, पेटी ही घराणी त्यातली खानदानी. ट्रेकिंगही चालतं, पण हल्ली पावसाळ्यात कळसूबाईला इतकी गर्दी होते की तुमचा एखादा सहकारी हमखास जाऊन येतो आणि सोमवारी फोटो दाखवतो. 1646 मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर त्यानं गाठलेलं असताना आपण बुटांच्या तळव्यांवर बोलत राहणं जरा अवघड जातं.

सामान

खरेदी हा या विद्येचा प्राण आहे, ती घाईनं उरकू नये. पक्षिनिरीक्षण घेतलं असेल तर दुर्बीण आलीच. तिच्यावर दोन आकडे असतात, 8×42 किंवा 10×42. पहिला म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसेल तो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आठ पटीची दुर्बीण हातात स्थिर राहते आणि जास्त परिसर दाखवते. दहा पटीची पक्षी अधिक जवळ आणते, पण हाताची थरथरही तेवढीच वाढवून दाखवते. एवढ्या माहितीवर सामान्य माणूस अर्ध्या तासात दुर्बीण घेऊन दुकानाबाहेर पडेल. तुम्ही यात किमान दोन हिवाळे काढले पाहिजेत. आठ की दहा यावर जाणकारांमध्ये आजही एकमत नाही, आणि ते होईपर्यंत थांबणं कोणालाही गैर वाटत नाही.

पुस्तकं मात्र लगेच घ्यावीत. सलीम अलींचं 1941 साली पहिल्यांदा निघालेलं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आणि मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' या दोन गोष्टी हॉलमध्ये, बसलेल्या पाहुण्याच्या नजरेच्या उंचीवर ठेवाव्यात. पुस्तकाची पाठ कोरी करकरीत दिसता कामा नये. टीव्ही बघताना अधूनमधून मधलं पान उघडून चांगलं दाबावं.

वस्तू घरात कुठे ठेवायची यावर बऱ्याच नवशिक्यांचा घात होतो. पेटी दिवाणात, रजयांच्या शेजारी ठेवावी. माळ्यावर कधीही चढवू नये. दिवाणातला छंद चालू समजला जातो, माळ्यावरचा सोडलेला. "अहो, ती पेटी द्यायची का कोणाला?" हा प्रश्न माळ्यावरच्या पेटीबद्दलच येतो.

मुहूर्त

खरेदीला साडेतीन मुहूर्त आहेतच: पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा. सुरुवातीला मात्र एकही नाही, आणि यात आपल्या पंचांगाचे जितके उपकार मानावेत तितके थोडे. चैत्रात मुलांच्या परीक्षा नुकत्याच संपलेल्या असतात, वैशाखात पाहुणे आणि आंबे. मग पाऊस. श्रावणात सणवार, भाद्रपदात गणपती, गणपती उठले की पितृपक्ष. नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं. मार्गशीर्षातले गुरुवार पार पडले की पौष, आणि पौषात नवं काही सुरू करत नाहीत. माघ-फाल्गुनात ऑफिसला मार्चअखेर दिसू लागते. एवढ्या बंदोबस्तातूनही एखादा मोकळा महिना निसटलाच, तर साधारण दर 32-33 महिन्यांनी अधिक मास येतो. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, याची नोंद करून ठेवावी.

वर्षातून एकदा मात्र सामान बाहेर काढायचंच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी पेटी पुसावी, दुर्बीण पुसावी, बोरू असेल तर तोही पाटावर मांडावा, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहावं. सुतार, शिंपी, मेकॅनिक आपापल्या हत्यारांपुढे हात जोडतात त्याच भक्तीनं आपणही जोडावेत. दुसऱ्या दिवशी ती मंडळी हत्यारं पुन्हा चालवायला घेतात. त्या तपशिलात आपण जायचं नाही.

सबबी

'वेळच मिळत नाही' ही सबब कच्च्या माणसाची. ती कोणीही देऊ शकतं, म्हणून तिला वजन नाही. सबब अशी हवी की ऐकणाऱ्याच्या ज्ञानात भर पडावी. ती शंभर टक्के खरीही असली पाहिजे. खोटी सबब हा या क्षेत्रात हलकेपणा मानतात.

आकाशदर्शनवाल्यांचं नशीब थोर. चार महिने ढग, उरलेल्यांत शहराचा उजेड, आणि उजेडापासून लांब गेलं तर नेमकं चांदणं. पण हे झालं नेहमीचं. जरा अभ्यास केलेला माणूस शनी काढतो. शनीची कडी तिरकी आहेत. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यामुळे दर पंधरा वर्षांच्या आसपास ती कडी आपल्याला अगदी धारेवर, जवळजवळ नाहीशी झालेली दिसतात. 2025 च्या मार्चमध्ये तसं झालं. आता ती हळूहळू उघडत जातील आणि 2032 च्या सुमारास पुरती उघडतील. तेव्हा टेलिस्कोप आत्ता घेण्यात काय हशील? एका वाक्यात सात वर्षं सुटतात, आणि ऐकणारा घरी जाऊन बायकोला सांगतो की साठ्यांना आकाशातलं फार कळतं.

पेटीवाल्यांनी श्रुतींचा आधार घ्यावा. पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, त्यांतून मींड निघत नाही, रागागणिक बदलणाऱ्या सूक्ष्म स्वरस्थानांना ती न्याय देत नाही. याच आक्षेपांवरून रेडिओनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद केलं होतं. एवढं बोलून उदास व्हावं आणि म्हणावं, "आधी तो प्रश्न सुटला पाहिजे." ही सबब पूर्वी फार भक्कम होती. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटीच तयार केली आणि सबबीतली बरीचशी हवा गेली. समोरच्याला ओक माहीत नाहीत याची खात्री असल्याशिवाय आता ती वापरू नये.

मोडीची गोष्टच वेगळी. माझ्या मते या विद्येतलं हे सर्वश्रेष्ठ घराणं आहे. एक तर शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, इकार-उकारांत ह्रस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. म्हणजे न शिकण्याची निम्मी कारणं लिपीनंच पुरवली आहेत. शिवाय मोडीची वळणं काळाप्रमाणे बदलली. यादवकालीन, बहामनी, शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन असे तिचे टप्पे सांगतात. वर्गाची जाहिरात दिसली की आधी फोन करून कोणतं वळण शिकवणार ते विचारायचं. पेशवेकालीन म्हणाले तर आपल्याला शिवकालीन हवं असतं. शिवकालीन म्हणाले तर सुस्कारा टाकून म्हणायचं, "पण आमच्या घरचे कागद पेशवाईतले आहेत हो." घरी कागद असलेच पाहिजेत असं नाही, गावाकडच्या वाड्यात एक ट्रंक होती, एवढ्यावर भागतं.

पक्ष्यांची सबब सगळ्यांत छोटी. हिवाळी पाहुणे मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. "गेले आता. पुढच्या वर्षी." बस्स.

धोके

सगळ्यांत मोठा धोका म्हणजे सोय. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून लोकांना आकाशाची गोडी लावते आहे. 1910 साली राजवाड्यांनी उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत अजून आहे, आणि मोडी कागदांसाठी तिथे कोणीही जाऊ शकतं. मुंबईकरांना कर्जतची लोकल वांगणीला उतरवते, आणि तिथे अमावास्येच्या आसपास सतरंज्या टाकून तारे बघणारी माणसं असतात. भिगवणला उजनीचं पाणी ओसरू लागलं की रोहित येतात आणि होडीवाले तुम्हाला त्यांच्याजवळ नेऊन सोडतात. नांदूर मध्यमेश्वर तर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचं 2020 साली जाहीर झालं, राज्यातलं पहिलंच, तेव्हा ते कुठे आहे हे माहीत नाही असं म्हणायचीही सोय उरली नाही. अशा ठिकाणांची माहिती ठेवावी, दुसऱ्यांना आवर्जून द्यावी, आणि आपण सुरक्षित अंतरावर राहावं.

दुसरा धोका घरातला. भाचीनं विशारद पूर्ण केलं, की मामांच्या पेटीकडे लोक वेगळ्या नजरेनं बघू लागतात. तिला पेटी देऊन टाकायचा मोह होईल. देऊ नये. "मलाच लागणार आहे" असं म्हणावं. हे वाक्य इतकी वर्षं टिकवलंय ते अशा प्रसंगांसाठीच.

निवृत्ती हाही धोकाच, पण तो येताना दिसतो. 'रिटायर झाल्यावर' ही ठेव मुदतपूर्तीआधीच दुसरीकडे वळवावी. गुडघे, मोतीबिंदू आणि नातवंडं ही त्यासाठी मान्यताप्राप्त खाती आहेत.

आणि पहिला धडा. तो काय वाटेल ते झालं तरी टाळायचा. मनातल्या मनात तुम्ही कित्येक वर्षं नाट्यसंगीताच्या मैफलीत साथीला बसता आहात, आणि तिथे मास्तर तुम्हाला एक 'सा' धरून भाता मारायला लावतात, तोही मध्येच तुटतो. मनात तुम्ही इतिहास बदलून टाकणारं पेशव्यांचं पत्र वाचलेलं असतं, आणि वर्गात तुम्हाला पानाला आडवी रेघ ओढायला सांगतात, कारण मोडीत आधी रेघ आणि मग तिला टांगलेली अक्षरं. ती रेघ तुमची वाकडी येते. शेजारी बसलेल्या आठवीतल्या मुलीची सरळ येते. पंचवीस वर्षांत कमावलेला अधिकार असा पाच मिनिटांत जातो. पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा गेलात, तर संपलंच; रेघ जरा बरी येते, मग अक्षरं येतात, आणि बोलायला विषयच उरत नाही. मोडी वाचणारी माणसं मी पाहिली आहेत. ती गप्प बसून वाचत असतात.

तरीही एखाद्याच्या हातून छंद सुरू झालाच, तर घाबरून जाऊ नये. सकाळी सहाला उठायची सवय लागली असेल, बुलबुल आणि दयाळ यांतला फरक न विचारता सांगता येऊ लागला असेल, तर पक्षी हातचे गेले असं समजावं आणि त्याच दिवशी दुसरा, अधिक अवघड छंद जाहीर करावा. सारंगी अजून फारशी कोणी घेतलेली नाही. तीन मुख्य तारा, त्यांच्याखाली तीसहून अधिक तरफेच्या तारा, आणि त्या सगळ्या जुळवून झाल्याशिवाय वाजवायला बसता येत नाही.