गप्प बसा, सामील व्हा

आनुवंशिक आजारांच्या संशोधनासाठी माणसं गोळा करणं म्हणजे डोकेदुखी. समजावून सांगा, सह्या घ्या, वर 'घरी विचारून सांगतो' ऐकून परत या. आइसलँडने १९९८ साली यावर जालीम उपाय काढला. सरळ कायदाच केला : पावणेतीन लाख लोकांच्या दवाखान्यांतल्या नोंदी एका डेटाबेसमध्ये जातील. ज्याला नको, त्याने फॉर्म भरावा. गप्प बसला तो सामील! हा डेटाबेस चालवायचा मक्ता पुढे 'डिकोड जेनेटिक्स' या खासगी कंपनीला मिळाला. कायदा व्हायच्या आधीच 'रोश' या औषध कंपनीने तिच्याशी वीस कोटी डॉलरपर्यंतचा करार उरकला होता.

वीसेक हजार लोकांनी फॉर्म भरले. सगळ्यांत समंजस निघाले ते मेलेले. त्यांच्याही नोंदी जाणार होत्या, पण एकानेही हरकत घेतली नाही. एका मुलीने वारलेल्या वडिलांच्या वतीने 'नको' कळवलं, तर 'तुम्हाला तो अधिकार नाही' असं उत्तर आलं. तिचं म्हणणं साधं होतं : बाबांच्या आजारांवरून माझीही माहिती निघते. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं. डेटाबेस काही उभा राहिला नाही.

मग २०१४ मध्ये लाखभर लोकांच्या घरी डिकोडचे लिफाफे आले. आत गालातून फिरवायची काडी आणि संमतीपत्र. नमुना न्यायला दारात कोण? बर्फात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या बचाव पथकाचे स्वयंसेवक! नमुन्यामागे पथकाला देणगी, देणाऱ्याला टी-शर्ट. उद्या वादळात ज्याच्या दोरीला लटकायचंय, त्याला आज नाही कोण म्हणणार? (गणपतीची वर्गणी मागणाऱ्या आमच्या पोरांनी टिपून ठेवावं.)

खरी गंमत पुढे. कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढवणारा बीआरसीए-२ जनुकातला दोष कोणाकोणात आहे, हे कंपनीला बटण दाबून काढता येत होतं. ज्यांनी काडी हातातही घेतली नाही अशांचंसुद्धा, नातेवाइकांचे नमुने आणि वंशावळ जुळवून. संस्थापक म्हणाले, या लोकांना कळवू या, जीव वाचतील. त्यावर सरकारला एकदम संमती आठवली! न कळण्याचाही माणसाला हक्क असतो. न विचारता कसं सांगणार?

अखेर २०१८ मध्ये डिकोडने संकेतस्थळ उघडलं. ज्याला जाणून घ्यायचंय, त्याने तिथे विचारावं. जिला आपल्याला काही विचारायचंय याचाच पत्ता नाही, त्या बाईची माहिती अर्थातच संपूर्ण गोपनीय आहे.