दुबई, चकली आणि एकशे चाळीस सेंटिमीटर

दुबईला जायचं, हे मराठी घरात एखाद्या रविवारी पोहे खाता खाता ठरून जातं. कधी जायचं, हे मात्र शाळा ठरवते. मे महिन्याची सुट्टी लांबलचक असते आणि तिकडची हॉटेलंही तेव्हा स्वस्तात मिळतात. ती का स्वस्त, हे विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की सेकंदात कळतं. पारा चाळिशीच्या घरात असतो आणि पुढे तो वरच चढत जातो. शिवाय जाहिरातीत सगळ्यात रंगीत दिसणारी दोन ठिकाणं, मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज, उन्हाळ्यात चक्क बंद असतात. ग्लोबल व्हिलेज ऑक्टोबरात उघडतं आणि मे महिन्यात कुलूप लावतं. म्हणून शहाणी कुटुंबं दिवाळीची सुट्टी धरतात, जास्त पैसे मोजतात आणि त्या जास्तीच्या पैशांचा उल्लेख पुढे वर्षभर करतात.

इथे ज्या कुटुंबाची हकीकत सांगायची आहे ते कोथरूडचं. डोंबिवलीचं किंवा नाशिकचं असतं तरी फारसं काही बिघडलं नसतं. आई, बाबा, अकरा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि आजी. आजोबांनी गुडघ्यांचं कारण सांगून कुंड्यांना पाणी घालायची जबाबदारी घेतली. दुबईत करामाला बाबांची धाकटी बहीण राहते. मुलांची आत्या. ती तिथे अनेक वर्षं असल्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीतलं कळतं, आणि न विचारता सांगायची तिची तयारी असते.

बाबांनी एक्सेल शीट केली. पाच दिवस आणि वीस रकाने. प्रत्येक रकान्यात एक प्रेक्षणीय स्थळ, पुढे वेळ आणि त्याच्यापुढे 'झालं' अशी खूण करायला मोकळी चौकट. अबू धाबीचा दिवस तर पाहण्यासारखा होता. सकाळी शेख झायेद मशीद, मग लूव्र, दुपारी फेरारी वर्ल्ड आणि परतताना हिंदू मंदिर. दुबई ते अबू धाबी हे अंतर सुमारे 140 किलोमीटर. जेवणासाठी पंचवीस मिनिटं राखून ठेवली होती. शू-शीचा रकाना नव्हता.

शीट आत्याला पाठवली. तिचा फोन आला.

"दादा, मुलांना फिरवायला आणतोयस की कुरिअर वाटायला?"

आत्याचा नियम सुटसुटीत होता. दिवसाला एकच तिकीट, तेही सकाळी. दुपारी हॉटेलवर परत, कारण धाकट्याला झोप लागते आणि आजीला ती आपोआप येते. संध्याकाळी फुकटातलं काहीतरी. बाबांना हे पटलं नाही. इतके पैसे घालवून परदेशात जायचं आणि दुपारी झोपायचं, हे त्यांच्या हिशेबात बसेना. झोपायला कोथरूड काय वाईट होतं?

मग सामान. दिवाळीनंतर लगेच निघायचं म्हणून आजीने लेकीसाठी अनारसे केले होते, खसखशीवर थापलेले आणि जाळी पडलेले. खसखस ही अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. आपल्याकडे ती मसाल्याच्या डब्यातला गरीब प्राणी समजली जाते. तिकडे अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. आत्याने हे सांगताच घरात शांतता पसरली. अनारसे उलटे करून खसखस झटकता येईल का, अशी विचारणा आजीने केली. "आई, एकही दाणा नको," असं उत्तर आलं. अनारसे आजोबांच्या वाट्याला आले आणि त्यांचे गुडघे त्याच दिवशी जरा बरे वाटू लागले. लेकीसाठी चकल्या निघाल्या. आजीच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठीही गेली, कारण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही गोळ्या आणि खोकल्याची औषधं तिकडे नियंत्रित यादीत आहेत.

धाकट्याने स्वेटर भरला. वाळवंटात स्वेटर, म्हणून सगळे हसले. पण मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये 2005 पासून चालू असलेल्या स्की दुबईत शून्याखालचं तापमान, खरा बर्फ आणि चालतेफिरते पेंग्विन आहेत, हे त्याला यूट्यूबवरून आधीच माहीत होतं. तिथे तिकिटासोबत जाकीट आणि बूट मिळतात हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे नंतर आईने आणखी चार स्वेटर भरले, आणि ते सगळे जसेच्या तसे घडी न मोडता परत आले.

दुबईत पोहोचल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आजोबांना व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ कॉल लागेना. तिकडे व्हॉट्सॲपवरून मेसेज जातात, कॉल होत नाहीत. आजोबांनी व्हॉइस मेसेजचा मार्ग धरला आणि मग ते थांबेचनात, कारण मध्ये कोणी तोडणारं नव्हतं. दुसरी म्हणजे बाबांचा गुणाकार सुरू झाला. पाण्याची बाटली दिसली की गुणिले चोवीस. आइस्क्रीम, गुणिले चोवीस. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725, त्यामुळे रुपया घसरला की बाबांचं आइस्क्रीमही महागतं. यावर आजोबांचा साडेतीन मिनिटांचा संदेश आला. पूर्वी या सगळ्या भागात आपलाच रुपया चालायचा. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्या लोकांनी आपलं चलन वेगळं केलं. "म्हणजे साठ वर्षं उशिरा गेलात तुम्ही," असा समारोप होता.

दुसऱ्या दिवशी बुर्ज खलिफा. 828 मीटर. 2010 च्या जानेवारीत तो खुला झाला, तेव्हापासून मराठी माणसाच्या दुबईच्या फोटोत त्याचं टोक कापलं गेलेलं असतं. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग असतं आणि तेच आधी संपतं. आत्याने सकाळचं काढायला लावलं होतं, तेही पुण्यात असतानाच. करामातून मेट्रोने जायचं ठरलं. कारण साध्या टॅक्सीत चारच माणसं बसतात आणि हे पाच. सहावा मोठा डबा होता.

मेट्रो 2009 साली नऊ सप्टेंबरला, म्हणजे नऊ-नऊ-नऊला सुरू झाली आणि तिला ड्रायव्हर नाही. धाकट्याला एवढं पुरेसं होतं. तो थेट पहिल्या डब्यात, पुढच्या काचेला नाक लावून उभा राहिला. समोर रूळ, दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि गाडी चालवणारा जणू तोच. बुरजुमानहून गाडी सुटली तशी आजीला वाटलं, पोराने सकाळी नीट खाल्लं नाही. तिने डबा उघडला, एक चकली त्याच्या तोंडात दिली आणि दुसरी हातात घेतली. तेवढ्यात शेजारची एक मल्याळी बाई खाली वाकून हळूच म्हणाली, "आंटी, नो ईटिंग. हंड्रेड दिरहम फाइन."

बाबांचा गुणाकार जन्मात इतका झटपट झाला नव्हता. चोवीसशे रुपयांची चकली!

"चावू नकोस!" ते ओरडले.

धाकटा तसाच थांबला. गाल फुगलेला, डोळे मोठे. आजीने हातातली चकली डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी पदराखाली घेतली. वर्ल्ड ट्रेड सेंटर गेलं, एमिरेट्स टॉवर्स गेलं. चकली भाजणीची आणि मोहन व्यवस्थित पडलेलं, त्यामुळे ती हळूहळू आपली आपण विरघळत होती. फायनान्शियल सेंटर आलं तेव्हा धाकट्याने एकदा गिळलं. बुर्ज खलिफा स्टेशनला सगळे उतरले तेव्हा त्याचं तोंड रिकामं होतं आणि त्याच्याकडे सांगायला आयुष्यभर पुरेल अशी गोष्ट जमली होती.

स्टेशनापासून दुबई मॉलपर्यंत 820 मीटरचा वातानुकूलित पूल आहे आणि त्यावर सरकते पट्टे. त्या एका पुलावर मुलांनी किती वेळ काढावा? पट्ट्यावर उभं राहायचं, पट्ट्यावर चालायचं आणि मग शेजारून साध्या जमिनीवर चालणाऱ्या आजीशी शर्यत लावायची. आजी हरत होती आणि खूश होती. बाबा तिकिटावरची वेळ बघत होते.

वर जाणारी लिफ्ट सेकंदाला दहा मीटर वेगाने साधारण मिनिटभरात 124व्या मजल्यावर पोहोचते. कानात दडे बसले, ते मुलांना फार आवडलं. वर बाबांनी पाम जुमेरा शोधून दाखवायला सुरुवात केली. थोरलीने खाली बघून सांगितलं की अमक्या इमारतीच्या गच्चीवर पोहायचा तलाव आहे, तमक्या इमारतीच्याही आहे, आणि आपल्या हॉटेलच्याही आहे, मग आपण इथे काय करतोय? धाकट्याला शू लागली होती.

त्या दुपारी पहिल्यांदा आत्याचा नियम पाळला गेला. पोरं दोन तास पाण्यात, आजी खोलीत आडवी, बाबा एक्सेल शीटसमोर. वीसपैकी नऊ रकाने त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले. आईने खोडायला मदत केली, जरा जास्तच उत्साहाने.

संध्याकाळी परत दुबई मॉल, पण बिनतिकिटाचा. तिथल्या मत्स्यालयात एक कोटी लिटर पाणी आहे. आत बोगद्यातून चालायला तिकीट लागतं. पण 32 मीटरहून लांब असलेली त्याची पारदर्शक भिंत मॉलच्या भर रस्त्यातच आहे. समोर जमिनीवर फतकल मारून बसलं तरी कोणी हटकत नाही. शार्क मासे फुकट बघणाऱ्यांसमोरूनही तितक्याच प्रामाणिकपणे जातात. नंतर बाहेर तळ्यावर कारंजी नाचतात, तीही फुकट.

तिसऱ्या दिवसाचं तिकीट फेरारी वर्ल्ड. तिथल्या 'फॉर्म्युला रोसा' नावाच्या पाळण्याचा वेग ताशी 240 किलोमीटर आणि तो सुमारे पाच सेकंदांत गाठला जातो. बसणाऱ्याला वाळू लागू नये म्हणून चष्मे देतात. थोरलीने सहा महिने याच पाळण्याचा जप चालवला होता. प्रवेशाशी एक मापपट्टी उभी असते आणि तिच्यावर रेघ असते 140 सेंटिमीटरची. थोरली भरली 138. तिने टाचा उचलल्या, केस वर बांधले, आजीने "आमच्याकडे सगळे उंचच आहेत" अशी साक्ष दिली. मापपट्टीवरच्या तरुणाने हसून मान हलवली. अशा ठिकाणी निघण्यापूर्वी पोरांची उंची घरच्या दाराच्या चौकटीशी मोजावी आणि मगच तिकीट काढावं, हे आत्याने नंतर सांगितलं. शेवटी बाबांना एकट्याला जावं लागलं. ते उतरले तेव्हा बराच वेळ कोणत्याच आकड्याला कशानेही गुणत नव्हते.

शेख झायेद मशिदीला वेगळा दिवस दिला. प्रवेश फुकट, पण नोंदणी आधी करायची आणि कपडे अंगभर हवेत. पांढरे 82 घुमट आणि मुख्य दालनात 5,627 चौरस मीटरचा हाताने विणलेला गालिचा. बाबांनी इराणी कारागिरांबद्दल वाचून आणलेली सगळी माहिती सांगितली. धाकट्याने एकच प्रश्न विचारला, "याला झाडू कोण मारतं?" आईला हा प्रश्न इतका योग्य वाटला की तीही बराच वेळ गालिच्याच्या कडा शोधत राहिली.

पाचव्या दिवशी कुटुंबाची वाटणी झाली. प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी जायलाच हवं असं नाही, हे कळायला सहलीचा शेवट यावा लागतो. सकाळी सगळे मिळून खाडीवर गेले. बर दुबईहून देराला जाणाऱ्या लाकडी अब्रा नावेचं भाडं माणशी एक दिरहम. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं आणि नावाडी मधल्या खड्ड्यात इंजिनापाशी. कठडा जवळपास नाहीच, पाणी हाताला लागेल इतकं जवळ, डोक्यावर सीगल. मुलांनी पाच फेऱ्या मागितल्या आणि बाबांनी पाचही दिल्या. हा गुणाकार त्यांना सोसत होता. पलीकडे उतरून आई, आजी आणि आत्या सोन्याच्या बाजारात शिरल्या. तो गुणाकार बाबांना दाखवायचा नाही, असं आधीच ठरलं होतं.

बाबांचं एक स्वप्न मात्र कोणत्याच रकान्यात नव्हतं. त्यांना शारजाचं क्रिकेट स्टेडियम बघायचं होतं. तिथलं मत्स्यालय दाखवायच्या बोलीवर मुलं तयार झाली. टॅक्सी पाकिस्तानी चाचांची होती. धाकट्याला पुढे बसायचं होतं, पण दहा वर्षांखालच्या मुलाला पुढे बसवायला कायद्याने मनाई आहे, म्हणून पुढे बाबा बसले. दुबई-शारजा रस्त्यावर नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग लागली होती आणि बाबांना श्रोते पळून न जाणारे मिळाले.

22 एप्रिल 1998. समोर ऑस्ट्रेलिया. खेळ चालू असताना वाळूचं वादळ आलं, खेळाडू जमिनीवर पालथे पडले. वादळ थांबलं आणि मग मैदानात सचिन नावाचं दुसरं सुरू झालं. 143 धावा. सामना हरलो, पण अंतिम फेरी गाठली. आणि दोनच दिवसांनी, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, परत 134 आणि कप आपला! बाबा तेव्हा शाळेत होते आणि आवाजावरून ते आत्ताही शाळेतच होते.

स्टेडियम आलं. सामना नव्हता, फाटक बंद. बाबांनी बाहेरूनच फोटो काढले. चाचा इतका वेळ गप्प होते. आता त्यांनी काच खाली केली, फाटकाकडे बोट दाखवलं आणि शांतपणे सुरुवात केली. 18 एप्रिल 1986. शेवटचा चेंडू. चार धावा हव्या. चेतन शर्मा गोलंदाज, जावेद मियाँदाद समोर. आणि षटकार. इथेच, याच भिंतीच्या आत.

गाडीत कोणी बोललं नाही. मग थोरलीने विचारलं, "चाचा, तेव्हाही वाळूचं वादळ आलं होतं?"

"नहीं बेटा," चाचा म्हणाले, "हमें एक गेंद काफ़ी थी."

मत्स्यालयाशी उतरताना बाबांनी वरचे सुटे दिरहम मोजून परत घेतले.