अडीच सुताचं भोक

जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या शिवारात ऊस आहे, कांदा आहे, उसात बिबट्या आहे, हरीण नाही. असतं तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याच्या केसाला धक्का लावता आला नसता. त्यातून एखाद्यानं हिंमत केलीच, तर रायफल कुठून आणणार हा प्रश्न उरतोच. म्हणजे ना हरीण, ना परवाना, ना हत्यार. हरणासाठी कुठल्या मापाची गोळी चांगली, यावर निःपक्षपातीपणे बोलायला याहून योग्य जागा मला दिसत नाही. ज्यानं उभ्या जन्मात बॅट धरली नाही तोच सांगू शकतो, फलंदाजाचा पाय नेमका कुठे अडकला. तर त्याच अधिकारानं माझं म्हणणं मांडतो: बंदुकीच्या मापांवरून जगभर शंभर वर्षं जी भांडणं चालली आहेत, त्यांत हरणाला कुणी विचारलेलंच नाही.

मुळात कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास. हा व्यास इंचाच्या शतांशात नाही तर सहस्रांशात सांगायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की मामला फार शास्त्रशुद्ध आहे. प्रत्यक्षात .270 विंचेस्टरची गोळी मोजली तर .277 भरते. .303 ची .311 भरते. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ (.30-06) यातला ‘सिक्स’ हे मापच नव्हे, ते 1906 साल आहे. बाराबोरचा ‘बारा’ तर भलताच: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर त्यातल्या एकीचा व्यास तेवढं भोक. त्यामुळे सोळा बोरापेक्षा बारा बोर मोठी. आपल्याकडे चपलेच्या नंबरात याहून जास्त शिस्त आहे.

बरं, ही मापं आली कुठून? .30-06 अमेरिकी लष्करानं सैनिकांसाठी काढलं. .270 म्हणजे त्याच काडतुसाच्या पुंगळीची मान जरा आवळलेली. .308 आणि नाटो फौजांचं 7.62 ही सख्खी भावंडं, आणि त्या .308 ची मान आवळली की झालं .243. हरणाची छाती समोर ठेवून कुणी कोरा कागद घेतला होता असं यात कुठे दिसत नाही. आपल्याकडची गोष्ट तर याहून गमतीची. .303 हे फौजेचं माप, म्हणून ते सामान्य नागरिकाला वर्ज्य. फौजेची काडतुसं बाहेरच्या बंदुकीत बसू नयेत, हा इंग्रजांचा हिशेब. मग नागरिकाला काय? तर .315. म्हणजे बारीक भोक गुन्हा आणि त्याहून मोठं भोक परवान्यावर! गवंडी-सुताराच्या भाषेत हे .315 बरोबर अडीच सूत भरतं, त्यावर अगदी केसभर जास्त. खोडदहून पुण्याच्या वाटेला लागलं की शहरात शिरता शिरता खडकी लागते. तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा, आणि या अडीच सुताची काडतुसं त्यानंच पुरवली. ही निवड सरकारनं शिपायाकडे बघून केली, सांबराकडे बघून नव्हे.

व्यासावरून भांडण मिटलं की वजनावरून सुरू होतं. .30-06 मध्ये 150 ग्रेनची गोळी घालावी, 165 ची की 180 ची, यावर अमेरिकेत भावाभावांचं वाजतं म्हणे. ग्रेन म्हणजे दाणा. सातूच्या दाण्याचं जुनं वजन. आता हा हिशेब सराफाच्या पेढीवर नेऊन बघा. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा बरोबर 180 ग्रेनचा. म्हणजे 180 ची गोळी एक तोळ्याची, 165 ची अकरा माशांची आणि 150 ची दहा माशांची. एवढा धुरळा उडतो तो एका माशासाठी! लग्नाच्या बांगड्यांत एक मासा कमी भरला तर भांडण व्हावं हे मी समजू शकतो. पण ज्याला ती गोळी लागायची आहे, त्याला अकरा मासे आणि बारा मासे यांतला फरक कळायला सवड मिळत नाही.

यावर अनुभवी माणसं म्हणतील, हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. हलक्या गोळीनं जनावर जखमी होऊन पळतं आणि झुडपात कुढत मरतं. आक्षेप खरा आहे, आणि मी तो पूर्ण मान्य करतो. किमान ताकद लागतेच; .22 च्या रायफलीनं सांबरावर बार काढणं हा निव्वळ क्रूरपणा. पण त्या किमानाच्या वर गेल्यावर प्रश्न गोळी केवढी हा राहत नाही, कुठे लागली हा होतो. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे 7 मिलिमीटरच्या रायफलीनं. या मापाला लोक हरणाचं माप म्हणतात. त्याचं गुपित काडतुसात नव्हतं. त्यानं हत्तीची कवटी उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवलं होतं. (हत्तींच्या दृष्टीनं हा अभ्यास झाला नसता तर बरं.) उलट मोठ्या मापाचा दस्ता खांद्याला असा दणका देतो, की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. मिटल्या डोळ्यांना तोळा काय नि मासा काय.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो शिकाऱ्याच्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे: पिकाची नासाडी होते, त्याचं काय? होते, पण नासाडी करणारं जनावर रानडुक्कर आहे आणि त्याच्यासाठी अटी घालून का होईना, परवानगीची वेगळी वाट आहे. हरणाच्या नावावर डुकराचं बिल फाडू नये. शिवाय आपण ‘हरीण’ म्हणतो ते तरी कुठलं? आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या रानात भेकर आहे, सांबर आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आणि रेहेकुरीत काळवीट. शास्त्राच्या हिशेबानं ही दोन्ही हरणंच नव्हेत, कुरंग. पिसोरी तर जेमतेम तीन किलोची. सांबर आणि पिसोरी यांना एकाच गोळीनं मोजणारा माणूस तराजूवर नव्हे, तोंडावर जगतो. 1991 नंतर खेळ म्हणून शिकारीचे परवाने मिळणंच बंद झालं आणि चिंकारा-काळविटाच्या शिकारीला किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आहे. कायद्यानं एवढंच एक माप शिल्लक ठेवलंय, आणि त्यात सहस्रांशाची भानगड नाही. जुन्नर भागात अधिकृतपणे जनावरावर बहुधा रोखली जाते ती बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक. बिबट्याचं वजन अंदाजून औषधाची मात्रा ठरते आणि जनावर माणिकडोहच्या निवारा केंद्रात जागं होतं. तिथे एक मासा इकडेतिकडे झाला तर खरोखरच फरक पडतो.

भोकाच्या मापाचा विचार खोडदमध्ये झालेला नाही असं मात्र समजू नका. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. दुरून त्या भरीव वाटतात. जवळ जाऊन मान वर केली की आरपार आभाळ दिसतं. तबकडी म्हणजे जवळजवळ अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेची जाळी: मध्यभागी 10 मिलिमीटरची भोकं, मग 15 ची, कडेला 20 ची. दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब साधा केला. ऐकायच्या लहरी 21 सेंटीमीटर आणि त्याहून लांब. एवढ्या लहरीला दोन सेंटीमीटरचं भोक जाणवतच नाही, ती परत फिरते. वारा मात्र निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी. समोरून काय येणार आहे ते आधी पाहिलं आणि मग भोक ठरवलं.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमाराला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, ही दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. नारायणगावहून आत वळायचं. मोबाइल बंद ठेवा. दुर्बिणीला त्याचा आवाज फार मोठा वाटतो.